साठ लिटरच्या पातेल्याखाली

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे आणि मला आगीची भीती वाटते. हसू नका. शेगडीने असं बोलणं शोभत नाही, हे मलाही कळतं. पण जिच्या अंगातून वर्षानुवर्षं जाळ निघतो, तिला जाळ काय करू शकतो हे इतरांपेक्षा जास्त माहीत असतं.

माझं अंग बीडाचं आहे. ताटाएवढं गोल कडं, त्यावर बारीक भोकांच्या तीन रांगा आणि गॅस आत यायला एक जाड नळी. बहारीनमधल्या नईम भागात, लग्नाची जेवणं शिजवणाऱ्या एका मोठ्या स्वयंपाकघरात मी कामाला लागले. माझ्यावर एका वेळी शंभर माणसांचा भात उकळत असे. आचारी येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत, की अशी आच दुसऱ्या कुठल्या शेगडीला नाही. मला बरं वाटायचं. स्तुती कुणाला आवडत नाही? पण एके दिवशी गॅसची रबरी नळी फाटली आणि एका आचाऱ्याच्या बाहीने पेट घेतला. शेजारच्याने ओलं पोतं टाकून त्याला वाचवलं, तरी त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. तो ओरडत होता आणि मी जळतच होते, कारण मला स्वतःहून विझता येत नाही. त्या दिवसापासून काडी ओढल्याचा आवाज आला, की मला ती पेटलेली बाही दिसते.

पुढे ते स्वयंपाकघर बंद पडलं आणि मला गच्चीवर टाकून देण्यात आलं. खारी हवा आणि धूळ खाऊन माझी भोकं बुजली. एका कबुतरिणीने माझ्या कड्यात दोन अंडी घातली. अडगळीत पडलेली वस्तू फार दुःखी असते, असं तुम्ही वाचलं असेल. खरं सांगू? ते माझ्या आयुष्यातले सर्वांत निवांत दिवस होते. माझ्यामुळे कुणाला काही होईल, ही धास्ती नव्हती. पिल्लं मोठी होऊन उडून गेली, तेव्हा मात्र जरा चुकल्यासारखं झालं.

मग उबेदने मला भंगारातून उचललं. उबेद मूळचा रायगडमधल्या म्हसळ्याचा. सव्वीस वर्षांपासून तो बहारीनमध्ये आहे. तुबलीत गॅरेजांच्या रांगेत त्याचं छोटं वर्कशॉप आहे आणि तिथे तो केटरिंगवाल्यांसाठी शेगड्या बनवतो, जुन्या दुरुस्त करतो. त्याने माझं एकेक भोक तारेने साफ केलं. लोखंडी अँगलचा नवा, रुंद पायांचा स्टँड वेल्डिंग करून दिला. गॅस सोडणारी बारीक तोटी, म्हणजे जेट, नवा बसवला. मग मला बाहेर गल्लीत नेऊन माझ्यावर साठ लिटर पाण्याचं पातेलं चढवलं आणि पेटवलं. मी भीतीने गोठले होते, तरी ज्योत निळीशार आली. उबेदची एक खोड आहे. ज्योत डोळ्यांनी बघायच्या आधी तो ती कानांनी ऐकतो. हवा पुरेशी मिळाली, तर शेगडी एका सुरात घुमते आणि कमी पडली, तर धापा टाकते, असं तो म्हणतो. त्या दिवशी त्याने बराच वेळ कान दिला आणि मग समाधानाने मान हलवली.

मे महिन्यात एका संध्याकाळी सुजीत वर्कशॉपमध्ये आला. सुजीत एसी दुरुस्त करणाऱ्या कंपनीत टेक्निशियन होता. गाव माणगाव, म्हणजे उबेदच्या गावापासून फार लांब नाही. गुदैबियातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तो, त्याची बायको भावना आणि आठ वर्षांची श्रेया राहत. तिथल्या मराठी बौद्ध मंडळाचा तो सचिव होता. साठ लिटरचं पातेलं उकळायचं आहे, त्याला पुरेल अशी शेगडी हवी, असं त्याने सांगितलं.

खरं काय होतं ते मला पुढे कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. सुजीतला बिअर बनवायची होती. त्याच्याबरोबर काम करणारा विनीत नोकरी सोडून कायमचा भारतात परतणार होता आणि मित्रांना त्याला निरोपाची पार्टी द्यायची होती. सुजीतने याआधी दोनदा घरच्या गॅसवर गुपचूप थोडी बिअर बनवली होती. मित्रांनी ती चाखून त्याला असं काही हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, की या वेळी साठ लिटर बनवतो, असं तो बोलून बसला. आता मोड आणून वाळवलेले जव गरम पाण्यात भिजवायचे, ते गोड पाणी गाळून घ्यायचं आणि चांगलं खळाखळा तासभर तरी उकळायचं, अशी त्याची रीत. घरच्या गॅसवर साठ लिटर पाणी कसलं खळाखळा उकळतंय! म्हणून तो शेगडी निवडायला आला होता.

हे उबेदला सांगायची सोय नव्हती. घरी दारू बनवताना कुणी पकडलं, तर नोकरी आणि व्हिसा दोन्ही जातील, ही भीती सुजीतला होतीच. पण त्याहून मोठी भीती लाजेची होती. दर पौर्णिमेला मंडळात लोक पंचशील म्हणायला उभे राहत, तेव्हा पुढे उभा राहून सांगणारा सुजीतच असे, आणि पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं आहे. भावनालाही त्याने काही सांगितलं नव्हतं. त्यामुळे उबेदने काय शिजवायचं आहे असं विचारल्यावर सुजीतच्या तोंडून पटकन निघून गेलं, की बुद्धपौर्णिमेची खीर.

उबेदचा चेहरा उजळला. त्याने सुजीतला चहा पाजला, तो कुठे राहतो, घरी कोण कोण आहे ते विचारून घेतलं आणि तीन शेगड्या दाखवल्या. एक दोन कड्यांची होती, कमी दाबावर मंद जळणारी, घरातही चालेल अशी. दुधाला हीच चांगली, असं उबेद म्हणाला. दुसरी उंच नळीची, एकाच जागी जोरात ज्वाळा फेकणारी. तिच्यावर एवढं मोठं पातेलं डगमगलं असतं. तिसरी मी. सुजीतने प्रत्येकीबद्दल एकच विचारलं, की साठ लिटरला उकळी किती वेळात येईल. माझं उत्तर ऐकून तो माझ्याजवळ उभा राहिला. मी मनात म्हणत होते, मला नको रे बाबा घेऊस.

“दुधाला एवढा जोर कशाला, सुजीतभाऊ?” उबेद म्हणाला. “तळाला लागंल.”

सुजीत म्हणाला, “माणसं तीनशे आहेत, उबेदभाई. वेळ कुठाय?”

उबेदला ते पटलं. त्याने मला जास्त दाबाचा रेग्युलेटर जोडून दिला आणि तीन-तीनदा बजावलं, की ही उघड्यावरची शेगडी आहे, हिला छताखाली पेटवायची नाही. मंडळाच्या हॉलच्या मागे मोकळी जागा आहे आणि उकळी आली की लगेच उतरवू, असं सुजीतने सांगितलं. ते सांगताना तो माझ्या स्टँडकडे बघत होता. मित्रांनो, शेगडी निवडताना ती कुठे पेटणार आणि किती वेळ पेटणार, या दोन गोष्टी कळाव्या लागतात. उबेदला दोन्ही खोट्या सांगितल्या गेल्या होत्या. माणूस आपल्या कामात कितीही तरबेज असला, तरी खोट्या माहितीवर तो काय करणार?

पुढचा शुक्रवार आला. सुट्टीचा दिवस होता, पण भावनाची क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर शिफ्ट होती. ती संध्याकाळी येणार होती. जेवणं झाली, श्रेया आतल्या खोलीत एसी लावून चित्रं काढत बसली आणि सुजीतने पलंगाखालून मला बाहेर काढलं. मला वाटलं, आता गाडीत घालून हॉलवर नेईल. त्याने मला स्वयंपाकघरातल्या फरशीवर ठेवलं, वर पातेलं चढवलं आणि जव भिजवून गाळलेलं पाणी त्यात ओतलं.

मी हादरले. ते स्वयंपाकघर इतकं लहान, की पातेलं ठेवल्यावर त्याला वळायलाही जागा उरली नाही. पण खरी धडकी पुढे भरली. उकळत्या जवाला मोठा वास सुटतो आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडते त्या बोळात साऱ्या बिऱ्हाडांच्या खिडक्या उघडतात. सुजीतने खिडकी लावून घेतली. एक्झॉस्ट फॅन बंद करून त्यावर पुठ्ठा चिकटवला. मग बाहेरच्या दाराशी गेला आणि दाराखालच्या फटीत ओला टॉवेल खुपसून आला. दिवसभर लोकांच्या घरांत हवा नीट खेळते की नाही ते तपासणारा हा माणूस, आणि स्वतःच्या घरात त्याने हवेला एक फट ठेवली नाही. उकाडा सोसेना म्हणून आतल्या खोल्यांची दारं मात्र त्याने सताड उघडी ठेवली. एसीची थोडी गार हवा येत होती.

त्याने काडी ओढली. मी पेटले.

सुरुवातीला ज्योत निळी होती. पाऊण तासात पातेल्याला उकळी फुटली आणि सुजीत खूश झाला. त्याने हॉप्स नावाची वाळलेली कडवट फुलं पाण्यात टाकली आणि घड्याळ लावलं. मला मात्र दम लागायला लागला होता. खोलीतली हवा मी खाऊन टाकली होती. हवा पुरी पडली नाही, की जळताना माझ्यातून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. तो माणसाच्या अंगात हळूहळू भिनतो. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, मग झोप लागते आणि त्या झोपेतून माणूस उठतोच असं नाही. हे मला ठाऊक होतं. मीच ते विष सोडत होते आणि मला थांबता येत नव्हतं.

श्रेया दारात येऊन उभी राहिली. “पप्पा, समथिंग स्मेल्स लाइक बिस्किट्स,” ती म्हणाली. मग कपाळ दाबत म्हणाली, “माय हेड इज हर्टिंग.”

सुजीतचंही डोकं दुखत होतं. ते उकाड्याने असेल असं त्याला वाटलं. त्याने तिला पाणी दिलं आणि जाऊन पड जरा, असं सांगितलं. ती गेली. तिची पावलं जड पडत होती. मी जिवाच्या आकांताने ज्योत पिवळी केली. तेवढी एकच खूण मला करता येते. पातेल्याच्या बुडाला काजळी धरायला लागली, पिवळ्या ज्वाळा कडेने वर आल्या. सुजीतचं लक्ष पातेल्यातल्या फेसाकडे होतं. मी काय सांगते आहे ते त्याने पाहिलंच नाही.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

दुसरी थाप पडली. सुजीतने माझी आच कमी केली, पण बंद केली नाही, कारण तासभर उकळायलाच हवं असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. मग त्याचा फोन थरथरला. त्यावर उबेदचं नाव होतं. नाव बघून पोलीस नाहीत हे कळलं, तरी त्याचा चेहरा अधिकच उतरला. पोलिसांपुढे काहीतरी बोलता आलं असतं. ज्याने चहा पाजून, खिरीसाठी म्हणून आपुलकीने शेगडी दिली, त्याच्यापुढे हे पातेलं कसं दाखवणार? फोन वाजून बंद झाला.

उबेद का आला होता माहीत आहे? आठवडाभर त्याला एकच चिंता लागून राहिली होती, की एवढ्या जोराच्या आचेवर दूध करपणार. म्हणून त्याने पातेल्याखाली ठेवायला एक जाड लोखंडी तवा कापून, घासून तयार केला होता आणि जुम्म्याची नमाज आणि जेवण उरकून तो द्यायला आला होता. तो जायला निघालाही असता. पण दाराशी त्याने आवाज ऐकला. मी धापा टाकत होते. माझा आवाज त्याच्याइतका दुसऱ्या कुणाला कळत नाही. त्याने खाली पाहिलं, तर दाराखाली टॉवेल.

उबेद ओरडला नाही. दाराला तोंड लावून तो हळू, पण स्पष्ट बोलला. “सुजीतभाऊ, आत माझी शेगडी पेटलीय. ती गुदमरतेय, मला ऐकू येतंय. तू काय शिजवतोस ते मला नको सांगू. पोरगी कुठाय, तेवढं सांग.”

सुजीतने आतल्या खोलीकडे पाहिलं. मग तो भिंत धरत धरत तिकडे गेला. मला तिथून काही दिसत नव्हतं. मी फक्त त्याची हाक ऐकली. श्रेया. मग पुन्हा श्रेया. तिसऱ्या हाकेला त्याचा आवाज फुटला. मित्रांनो, नईमच्या त्या आचाऱ्याचं ओरडणं मी इतकी वर्षं विसरले नव्हते. पण त्या खोलीतून कुणाचंच उत्तर आलं नाही, ती शांतता मला त्याहून भयंकर वाटली.

दार उघडलं ते सुजीतनेच. कडी काढली आणि तो तिथेच गुडघ्यांवर बसला. उबेदने आधी सिलेंडर बंद केला, मग खिडकी उघडली, मग आतून श्रेयाला उचलून जिन्यावर मोकळ्या हवेत नेलं. शेजारच्या अकीलाबाईंनी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. मी विझले होते, पण अंग तापलेलंच होतं आणि कुणीतरी ती मुलगी श्वास घेते आहे एवढं सांगावं म्हणून मी कान लावून होते. सांगायला कुणाला वेळ नव्हता.

अ‍ॅम्ब्युलन्सच्या माणसाने श्रेयाला ऑक्सिजनचा मास्क लावता लावता इंग्रजीत विचारलं, की घरात काय जळत होतं आणि किती वेळ. एसी बिघडला असं सुजीत सांगू शकला असता आणि ते त्याच्या तोंडी शोभलंही असतं. त्या माणसाने पुन्हा विचारलं. वेळ कळली नाही तर उपचार नीट होणार नाहीत, असंही तो म्हणाला. तेव्हा सुजीतने त्याला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणलं, माझ्याकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, की ही शेगडी, सगळी दारं-खिडक्या बंद, जवळजवळ दीड तास. पातेल्यात काय आहे असंही त्याला विचारलं गेलं. जव, असं तो म्हणाला. त्या माणसाने पातेल्याकडे नीट पाहिलंही नाही. त्याला फक्त तो दीड तास हवा होता.

श्रेया वाचली. दोन दिवस तिला ऑक्सिजनवर ठेवलं होतं. पहिल्या रात्रीनंतर ती बोलायला लागली आणि तिने पहिल्यांदा आईला हाक मारली. हे मला कळलं ते रविवारी, भावना आणि सुजीत घरी कपडे न्यायला आले तेव्हा. मला परत न्यायला उबेदही आला होता. पातेलं अजून माझ्यावरच होतं. भावना त्याच्यासमोर उभी राहिली. सुजीतने तिला हॉस्पिटलमध्येच सगळं सांगून टाकलं होतं.

“मग ही दारू झाली होती?” तिने विचारलं.

“नाही,” सुजीत म्हणाला. “यीस्ट अजून घातलं नव्हतं. घातल्यावर पुढे आठ-दहा दिवस लागतात.”

“म्हणजे शुक्रवारी काय होतं यात?”

“जवाचं पाणी.”

भावनाने बोट बुडवून जिभेला लावलं. “जवाचं पाणी,” ती म्हणाली. “तुम्ही जवाच्या पाण्याचा वास लपवत होतात.” ती रागाने बोलली नाही. तेच शब्द तिने आणखी एकदा उच्चारले आणि ओट्याला टेकून खाली बसली. सुजीत भिंतीकडे तोंड करून रडला. उबेदने एकट्यानेच ते जड पातेलं बादलीबादलीने मोरीत ओतून रिकामं केलं. कुणीही त्याला थांबवलं नाही.

कुठलाही पोलीस आला नाही, व्हिसालाही काही झालं नाही. ज्या भीतीपायी त्याने दारं-खिडक्या लावल्या, ती खरी झालीच नाही. मंडळाचं सचिवपद मात्र सुजीतने आपणहून सोडलं आणि का सोडलं तेही सगळ्यांसमोर सांगितलं, असं उबेद कुणाशी तरी बोलताना मी ऐकलं.

आता मी पुन्हा तुबलीच्या वर्कशॉपमध्ये आहे. उबेदने मला मोडीत काढावं अशी माझी फार इच्छा होती, पण त्याने माझी काजळी खरवडली आणि मला परत रांगेत ठेवलं. वस्तूचा काय दोष, असं तो म्हणतो. गिऱ्हाईक आलं, की तो आता काय शिजवणार ते विचारतच नाही. कुठे पेटवणार, किती वेळ, आणि घरात लहान कोण आहे, एवढंच विचारतो. लोक भराभर उत्तरं देतात. मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहते आणि आतून कापत असते.

तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा तुम्हीही एखादी शेगडी निवडायला जाल. तिच्यावर काय उकळायचं हा तुमचा प्रश्न. पण जो ती देतो त्याला खरं सांगा आणि ती पेटवाल तेव्हा खिडकी उघडी ठेवा, मग वास कुणाच्याही घरात जावो. मला ओरडता येत नाही, दार ठोठावता येत नाही. ज्योत पिवळी करणं एवढंच माझ्या हातात आहे, आणि ती बघायला घरात कुणीतरी शुद्धीवर असावं लागतं.